आधी आवाज, मग बटण

२००२ च्या पावसाळ्यात मी कुर्ल्याच्या एका भंगारवाल्याकडून चारशे रुपयांना एक मॉनिटर विकत घेतला. एकोणीस इंची, राखाडी, मागे हातभर कुबड. वजन तीस किलोच्या आसपास असावं, कारण तो वजनावरच विकत होता. मी विचारलं, "चलता है?" तो म्हणाला, "अपनी मशीन पे चलता था."

या उत्तराचा अर्थ कळायला मला अडीच महिने लागले.

कुर्ला ते कल्याण लगेजच्या डब्यातून, ताडपत्रीत गुंडाळून, आणि तिथून रिक्षाने भिवंडी. घरी आल्यावर अम्मीने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "फ्रिज लाया क्या?"

मॉनिटर का हवा होता ते आधी सांगतो. २००१ साली मी बी.एड. झालो. नोकरी नव्हती. उर्दू शाळांमध्ये जागा निघायच्या, मुलाखती व्हायच्या आणि जागा कुणाला मिळाली ते नंतर कळायचं. तोवर पुढच्या खोलीत एक सेकंडहँड कॉम्प्युटर टाकून मी उर्दूचं डीटीपी करत होतो. लग्नपत्रिका, मदरशांच्या पावत्या, शाळांचे पेपर, कधी एखाद्या शायराचा स्वखर्चाने निघणारा संग्रह. पानाला पंधरा रुपये. सॉफ्टवेअर म्हणजे इनपेज. दिल्लीत बनलेलं हे सॉफ्टवेअर १९९४ साली आलं आणि चारपाच वर्षांत आपल्याकडची जवळजवळ सगळी उर्दू छपाई त्याने ताब्यात घेतली.

माझा मॉनिटर चौदा इंची होता, आठशे बाय सहाशे. मराठी टायपिंगला तेवढं चालून जातं. देवनागरी शिरोरेषेला लटकलेली असते, ओळ कुठे सुरू झाली आणि कुठे संपली ते लहान पडद्यावरही कळतं. नस्तालीकचं तसं नाही. तिथे प्रत्येक शब्द उजवीकडे वरून सुरू होतो आणि डावीकडे खाली उतरत येतो, एकाच्या खांद्यावर दुसऱ्याचं डोकं. नुक्ते एकमेकांच्या अंगावर पडतात. ते वाचायचं तर पान मोठं करावं लागे, आणि मोठं केलं की पानाचा चतुर्थांशच दिसे. चुका राहत. गिऱ्हाईक पत्रिका परत आणून टाके. एकदा नवऱ्या मुलाच्या नावातला एक नुक्ता खालचा वर गेला आणि तीनशे पत्रिका माझ्या खर्चाने पुन्हा छापाव्या लागल्या.

घरात असा एक माणूस होता जो ही चूक हातभर अंतरावरून पकडू शकला असता. पण तो त्या खोलीत येत नव्हता.

माझे अब्बा कातिब होते. बिगर-उर्दू वाचकांसाठी सांगतो. उर्दू वर्तमानपत्र विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत हाताने लिहिलं जायचं. म्हणजे अक्षरशः लिहिलं जायचं. संपादक बातमी देई, कातिब बोरूने ती सुंदर अक्षरात कागदावर उतरवी, त्या कागदावरून प्लेट बने आणि पेपर छापला जाई. या कामाला किताबत म्हणतात. अब्बांनी मुंबईच्या एका उर्दू रोजनाम्यात बावीस वर्षं किताबत केली. १९९६ मध्ये तिथे कॉम्प्युटर आले. दोन महिन्यांचा पगार देऊन अकरा कातिबांना एकाच दिवशी घरी पाठवलं. अब्बा त्या दिवशी नेहमीच्याच गाडीने परत आले, जेवले, आणि कलमदान कपाटावर ठेवून दिलं. आम्हाला पंधरा दिवसांनी कळलं.

आणि मी, त्यांचा मुलगा, त्याच सॉफ्टवेअरवर पंधरा रुपये पानाने काम करत होतो. त्यांनी कधी अडवलं नाही. फक्त त्या खोलीत ते येत नसत. चहा हवा असेल तरी दारातून आवाज देत.

तर मॉनिटर. त्याची केबल माझ्या कॉम्प्युटरला बसेना. आपल्या साध्या मॉनिटरच्या प्लगला तीन ओळींत पंधरा पिना असतात. याच्या प्लगला दहा बारीक पिना आणि तीन जाडजूड गोल भोकं, ज्यांत एकेक जाड तार बसते, टीव्हीच्या अँटेनाच्या केबलसारखी. माझा एक आगरी मित्र तेव्हा इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात बसत होता. त्याला दाखवलं. त्याने मागचं स्टिकर वाचलं आणि शीळ घातली.

"अरे, हा सनचा आहे. वर्कस्टेशनचा. आपल्या पीसीचा नाही हा."

सन मायक्रोसिस्टिम्सची वर्कस्टेशन म्हणजे तेव्हाच्या इंजिनियरिंग कंपन्यांतली महागडी यंत्रं. नकाशे, यंत्रांची ड्रॉइंगं, चिपांची आखणी अशी कामं त्यांवर चालत. पडद्याच्या आतली पिक्चर ट्यूब सोनीची ट्रिनिट्रॉन होती, तेव्हाच्या उत्तमांतली. नवा असताना याची किंमत माझ्या दोनतीन वर्षांच्या कमाईइतकी तरी असेल. पण वर्कस्टेशन भंगारात गेली की मॉनिटर अनाथ होतो, आणि याचं कारण नुसता प्लग नाही.

मित्राने लालकिल्ला बिडीच्या पाकिटावर आकृती काढून मला समजावलं. मी भाषेचा माणूस, मला जसं समजलं तसं सांगतो. जुन्या काचेच्या मॉनिटरमध्ये मागून एक इलेक्ट्रॉनचा झोत येतो आणि पडद्यावर डावीकडून उजवीकडे एक ओळ ओढतो, मग झपकन परत डावीकडे जातो, पुढची ओळ ओढतो. खालपर्यंत पोचला की पुन्हा वर. हे सगळं सेकंदाला साठसत्तर वेळा. कॉम्प्युटर चित्र पाठवतो आणि सोबत दोन इशारे पाठवतो. एक इशारा म्हणजे 'ओळ संपली, मागे फिर'. दुसरा, 'पान संपलं, वर जा'. साधे मॉनिटर हे इशारे किती वेगाने येताहेत ते आधी ऐकतात आणि मग आपला वेग त्याला जुळवून घेतात. १९८५ च्या सुमारापासून असे जुळवून घेणारे मॉनिटर बाजारात आले आणि मग सगळेच तसे झाले. हा मात्र जुन्या खाक्याचा. एकाच वेगाचा. सेकंदाला सुमारे ६१ हजार ८०० ओळी. त्याच्या मालकिणीने, म्हणजे त्या वर्कस्टेशनने, आयुष्यभर त्याला याच वेगाने बोलावलं होतं. दुसऱ्या कुठल्याही वेगाने हाक मारली तर तो ऐकणारच नाही. आणि ऐकलं नाही एवढ्यावर भागेल असंही नाही, आतला आडव्या ओळी ओढणारा ट्रान्झिस्टर जळून जाऊ शकतो.

"आणि आपला पीसी काय वेगाने बोलतो?"

"चालू होताना, ते काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं येतात ना, तेव्हा साडेएकतीस हजार. निम्म्याने."

"मग?"

"मग काय, चारशे रुपये गेले तुझे."

तो असं म्हणाला खरा, पण पाकीट खिशात घालून घरी घेऊन गेला. तेव्हाच मला कळलं की हा आता सोडणार नाही.

पुढच्या रविवारी आम्ही लॅमिंग्टन रोडला गेलो. ग्रँट रोड स्टेशनवरून उतरून उजवीकडे-डावीकडे दुकानंच दुकानं. त्या विचित्र प्लगचा जोडीदार चौथ्या दुकानात मिळाला, धुळीने भरलेला, दीडशे रुपयांना. मॉनिटरपेक्षा प्लगच महाग वाटला मला. शिवाय १४ पायांची एक चिप, ७४८६ नावाची, आठ रुपयांना. चिपचं काम असं: आपला पीसी ते दोन इशारे दोन वेगळ्या तारांवरून पाठवतो, तेराव्या आणि चौदाव्या पिनेवरून. सनच्या मॉनिटरला दोन्ही इशारे एकाच तारेवरून हवेत, त्याच्या पाचव्या पिनेवर. चिप दोन्ही एकत्र करते. तिला चालायला पाच व्होल्ट लागतात, ते मित्राने कॉम्प्युटरच्या मागच्या जॉयस्टिकच्या पोर्टमधून काढले. त्या पोर्टला आमच्या घरात कुणी कधी जॉयस्टिक लावलीच नसती.

लाल, हिरवा आणि निळा या तीन रंगांसाठी त्या तीन जाड तारा. मित्राने सोल्डरिंग केलं, मी टॉर्च धरला. बाहेर पाऊस आणि शेजारच्या मागांची खटाखट. भिवंडीत राहिलेल्यांना सांगायला नको, पॉवरलूमचा आवाज आपल्याला ऐकूच येत नाही, तो बंद पडला की दचकायला होतं.

आता वेगाचा प्रश्न. कॉम्प्युटर चालू होताना तो साडेएकतीस हजारानेच बोलणार, त्याला इलाज नाही. पण विंडोज सुरू झाल्यावर त्याला वेगळ्या वेगाने बोलायला लावता येतं. त्यासाठी पॉवरस्ट्रिप नावाचा एक छोटा प्रोग्राम होता. त्यात आकडे भरायचे. कुठले आकडे, ते शोधायला मी तीस रुपये तासाने सायबर कॅफेत चार संध्याकाळी घालवल्या.

आकडे वहीत लिहून आणले आणि मग स्वतः करून पाहिले, कारण कुणाचंही लिहिलेलं न तपासता उतरवायचं नाही ही कातिबाच्या घरातली सवय. आडव्या ओळीत दिसणारे बिंदू ११५२, पण ओळ खरी १५०४ बिंदूंची. उरलेले ३५२ बिंदू म्हणजे झोताला मागे फिरायला दिलेला वेळ. उभ्यात दिसणाऱ्या ओळी ९००, पण पान खरं ९३७ ओळींचं. वरच्या ३७ ओळींच्या वेळात झोत तळापासून परत माथ्यावर जातो. ९३७ गुणिले ६६, म्हणजे ६१ हजार ८४२. बरोबर, हाच तो वेग. त्याला १५०४ ने गुणलं की सेकंदाला सुमारे ९ कोटी ३० लाख बिंदू. हे गणित जुळलं तेव्हा मला झालेला आनंद बी.एड.च्या निकालाच्या वेळीही झाला नव्हता. (बी.एड.चा निकाल तसा काही आनंद होण्यासारखा नव्हताही.)

खरी गंमत पुढे होती. आकडे भरायला पडदा दिसायला हवा, म्हणून आधी चौदा इंची मॉनिटर लावायचा. आकडे भरून एंटर मारलं की चौदा इंचीला तो वेग झेपत नाही, त्याचं चित्र आडवं फाटून गायब. मग घाईघाईने केबल बदलून सनचा मॉनिटर लावायचा. तोही काळा. मग अंधारातच कॉम्प्युटर बंद करायचा, पुन्हा चौदा इंची, पुन्हा आकडे. एकाला दिसायचं तेव्हा दुसऱ्याला दिसायचं नाही. सोळासतरा वेळा तरी केलं असेल. एकदा काहीतरी चमकलं, तिरप्या रेघा वरखाली पळाल्या आणि आतून बारीक चिरचिर आली. मित्राने झडप घालून बटण बंद केलं.

"इशारे उलटे जाताहेत. वरचं खाली, खालचं वर."

म्हणजे इशारा देताना तारेवरचा दाब वर न्यायचा की खाली आणायचा, हा प्रश्न. प्रोग्राममध्ये त्यासाठी दोन चौकोन होते, अधिक आणि उणे. दोन चौकोनांच्या चार जोड्या होतात. तीन करून पाहिल्या होत्या असं आम्हाला वाटत होतं. वही पाहिली तर दोनच केल्या होत्या.

तो जुम्मा होता. जुम्म्याला माग बंद, त्यामुळे गल्लीत भलतीच शांतता. नमाजहून आल्यावर मी तिसरी जोडी भरली, केबल बदलली, मनात दहा आकडे मोजले आणि बटण दाबलं. ट्यूब तापायला थोडा वेळ लागतो. मग खोलीच्या भिंतीवर उजेड पडला.

चित्र आलं होतं. स्थिर होतं. थोडं डावीकडे सरकलेलं, पण एक ओळही हलत नव्हती. फक्त ते सगळं पिवळं होतं. हळदीत बुडवल्यासारखं. जिथे पांढरं असायला हवं तिथे पिवळं. निळ्या रंगाची तार सोल्डरमधून सुटली होती, आणि पडद्यावरच्या पांढऱ्यातून निळा वजा केला की पिवळा उरतो. पण हे मला दुसऱ्या दिवशी मित्राने सांगितलं. त्या क्षणी मी नुसता बघत होतो. इनपेजचं एक पान उघडलं. अख्खं पान, वरपासून खालपर्यंत, एकदम. पिवळ्या पानावर काळं नस्तालीक.

अब्बा दारात उभे होते. वजूचं पाणी अजून दाढीवर होतं की काय कोण जाणे, मला तसं आठवतं. ते म्हणाले, "ये तो पीला काग़ज़ है."

लिथोच्या छापखान्यांत किताबत पिवळ्या कागदावर होत असे. कागदावर खळ आणि पिवळ्या रंगाचा लेप चढवायचा, त्यावर खास शाईने लिहायचं, म्हणजे ते लिखाण दगडावर उलटं उतरवता येई. अब्बा वयाच्या चौदाव्या वर्षी उस्तादांकडे शिकायला बसले ते त्याच कागदावर. पुढे ऑफसेट आलं आणि पिवळा कागद गेला. त्यांनी तो तीस वर्षांत पाहिला नव्हता.

ते आत आले. सहा वर्षांत पहिल्यांदा. मी खुर्ची सोडली, ते बसले नाहीत. वाकून, चष्मा कपाळावर सरकवून, पडद्याच्या वीतभर जवळ गेले. मला वाटलं अक्षरं बघताहेत. त्यांनी बोट टेकवलं ते भलतीकडेच.

"ये लकीर कैसी है?"

मला कुठलीही लकीर दिसली नाही. त्यांनी बोट फिरवून दाखवलं. पडद्यावर एक तृतीयांश उंचीवर आणि दोन तृतीयांशावर, केसाहून बारीक अशा दोन आडव्या सावल्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मी महिनाभर त्या पडद्यासमोर बसलो असतो तरी मला दिसल्या नसत्या.

"मिस्तर का धागा है," ते म्हणाले.

मिस्तर म्हणजे कातिबाची आखणीची फळी. पुठ्ठ्यावर ठरावीक अंतरांनी दोरे ताणून बसवलेले असतात. त्यावर कागद ठेवून बोट फिरवलं की कागदावर दोऱ्यांचे वळ उमटतात, त्या वळांवर ओळी लिहायच्या. मी म्हणालो, अब्बा, हे मशीन आहे, यात दोरा कुठून येणार, पडदा खराब असेल. दुसऱ्या दिवशी मित्र आला तेव्हा त्याला विचारलं. तो हसला नाही. "चाचा बरोबर सांगतात. ट्रिनिट्रॉनच्या आत उभ्या पट्ट्यांची जाळी असते, ती थरथरू नये म्हणून तिच्यावरून आडव्या तारा ताणलेल्या असतात. मोठ्या ट्यूबला दोन. त्यांचीच सावली."

अब्बा यावर काही बोलले नाहीत. पण त्या दिवशी ते खुर्चीवर बसले.

मित्राने निळी तार पुन्हा जोडली आणि पान पांढरं झालं. मला वाटतं अब्बांना ते पिवळंच बरं वाटलं असतं. चित्र थोडं थोडं उजवीकडे सरकवून मधोमध आणलं. मग रोजचा शिरस्ता ठरला. सनचा मॉनिटर बंद ठेवायचा. कॉम्प्युटर चालू करायचा. अंधारात थांबायचं. विंडोज सुरू झाल्याचा तो सूर वाजला की अजून अर्धा मिनिट थांबायचं, म्हणजे पॉवरस्ट्रिप आपलं काम करतो आणि वेग बदलतो. मग मॉनिटरचं बटण. त्याआधी बटण दाबलं तर चुकीच्या वेगाने हाक जाणार. माग चालू असले की तो सूर मला ऐकू येत नसे. अब्बांना यायचा. ते आतल्या खोलीतून ओरडत, "बजा!" आणि मग स्वतःच पुटपुटत मोजायला लागत.

एकदा माझ्या बहिणीने घाईत आधीच बटण दाबलं. काही जळलं नाही, नशीब. पण संध्याकाळी मी घरी आलो तर मॉनिटरच्या चौकटीवर, वरच्या बाजूला, कागदाची एक पट्टी चिकटवलेली. बोरूने लिहिलेली. नस्तालीकमध्ये, ठळक: पहले आवाज़, फिर बटन. कलमदान कपाटावर नव्हतं.

अब्बा प्रूफं वाचायला लागले. कागदावर नव्हे, पडद्यावर, कारण आता अख्खं पान एकदम दिसत होतं आणि कातिब पान बघतो, शब्द नंतर. त्यांची तक्रार चुकांबद्दल नव्हतीच, त्या ते जाता जाता सांगत. तक्रार दुसरीच. ओळ भरायची असेल तर कातिब एखादं अक्षर लांबवतो, कशिश देतो, नाहीतर शेवटचा शब्द आधीच्या शब्दावर चढवतो. हे मशीन शब्दांमध्ये नुसती मोकळी जागा सोडतं. "दांत गिरे हुए हैं," ते म्हणत. दुसरी तक्रार आमच्याकडच्या नावांची. इनपेजमधलं नूरी नस्तालीक अख्ख्या जोडण्यांवर चालतं. म्हणजे एकेक अक्षर जोडत न बसता, अक्षरांचा जोडून लिहिलेला तुकडा तयार ठेवलेला असतो. जो तुकडा त्याच्या साठ्यात नाही, तो सुट्या अक्षरांतून कसाबसा जुळवला जातो. उर्दू शब्दांचे तुकडे भरपूर, पण आपली मराठी गावांची, आडनावांची नावं आली की अडखळणं सुरू. अब्बा पान पाहिल्याबरोबर तेवढ्याच जागांवर बोट ठेवत. "ये हाथ का नहीं है." मग बाकीच्यावर बोट फिरवत, "ये हाथ का है."

मला वाटायचं ते असंच म्हणताहेत. मशीनमधलं सगळं मशीनचंच. एक दिवस त्यांनी एक जोडणी चारशे टक्के मोठी करायला लावली. सनचा पडदा तेवढा स्वच्छ होता की मोठी केल्यावरही कड फुटत नव्हती. बराच वेळ बघून म्हणाले, "किसी ने लिखा है. क़लम कहाँ उठा है, दिखता है. कौन है ये?"

मग मी शोधलं, पुन्हा तीस रुपये तासाने. कराचीचे मिर्झा अहमद जमील. त्यांनी इंग्लंडच्या मोनोटाइप कंपनीसाठी नस्तालीकच्या पंधरा हजारांहून जास्त जोडण्या हाताने लिहिल्या. १९८१ मध्ये लाहोरचा 'जंग' त्यात छापून आला, आणि तिथल्या कातिबांचं काय झालं असेल ते मला शोधायची गरज नव्हती. नाव नूरी का, तर मिर्झांचे वडील नूर अहमद. तेही खुशनवीस होते.

हे मी अब्बांना सांगितलं तेव्हा ते खुर्चीत होते आणि मी जमिनीवर बसून पानं जुळवत होतो. मी घाबरतच सांगितलं होतं. ज्या माणसाच्या हाताने अकरा जणांची रोटी गेली, त्याचं नाव सांगायचं. अब्बांनी विचारलं, "पंद्रह हज़ार?" मी हो म्हणालो. त्यांनी पडद्यावरची ती जोडणी पुन्हा पाहिली. "बाप का नाम रखा," एवढंच म्हणाले, आणि थोड्या वेळाने, "हाथ अच्छा है."

त्यांनी माफ वगैरे केलं असं मी म्हणणार नाही. त्या रोजनाम्याचं नाव त्यांनी शेवटपर्यंत घरात काढू दिलं नाही. आणि पंधरा रुपयांतले पाच मी त्यांना प्रूफवाचनाचे देऊ केले तेव्हा ते चिडले, मग चार दिवसांनी घ्यायला लागले, आणि नंतर दर वाढवून मागितला. आठ केला.

मॉनिटर पाच वर्षं चालला. मला २००४ मध्ये शिक्षणसेवक म्हणून जागा मिळाली, उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठी शिकवायची, तरी संध्याकाळचं काम चालूच होतं. मग भारनियमन सुरू झालं. वीज जायची आणि यायची ती झटका देऊन. मॉनिटर चालू असताना वीज गेली की ती परत यायच्या आत धावत जाऊन त्याचं बटण बंद करायचं, कारण कॉम्प्युटर परत उठणार तो जुन्या वेगाने बोलत. एका रात्री सगळे झोपलेले होते. वीज आली, टक् असा आवाज झाला आणि खोलीत करपल्याचा वास पसरला. मित्राने तो ट्रान्झिस्टर बदलला, चित्र आलंही, पण ट्यूब आता मंदावली होती. काळं करडं दिसायला लागलं. अब्बांनी दोन दिवस पाहिलं आणि म्हणाले, शाई पातळ झाली.

वजनावर आला होता, वजनावर गेला. भंगारवाला पोरगा उचलायला आला तेव्हा अब्बांनी ओल्या फडक्याने ती पट्टी हळूहळू सोडवून घेतली. नवा मॉनिटर साधा होता. कधीही बटण दाबा, तो ऐकतो.

पट्टी माझ्याकडे आहे, शब्दकोशात ठेवली आहे. 'बटन'मधल्या नूनवर नुक्ता नाही. सहा वर्षं हात थांबलेला होता, राहून गेला. अब्बांच्या ते दुसऱ्याच दिवशी लक्षात आलं होतं. मी म्हटलं, आता द्या की, तर म्हणाले, चिकटवलेल्या कागदावर कलम चालवत नाहीत.